रास्त भावाची दुसरी बाजू : ऑनलाइन बाजारपेठेतील किंमतस्पर्धेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘रास्त भाव’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. ‘रास्त भाव दुकान’ या संज्ञेत तो ग्राहकाच्या बाजूने येतो. भाव फार चढू नये, हा तेथील आशय. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची मागणी केली, तेव्हा तोच शब्द उत्पादकाच्या बाजूने उभा राहिला. ऑनलाइन बाजारपेठेविषयीच्या भारतीय नियमांत मात्र पहिल्या अर्थालाच प्राधान्य मिळाल्याचे दिसते.

विवेचन

वेष्टनबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. किमान किमतीचे तसे सर्वसाधारण बंधन नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अवाजवी नफ्यासाठी किमतीत फेरफार करण्यास मनाई करतात. भाव पाडण्याचा प्रश्न स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ कडे जातो. तेथे प्रतिस्पर्ध्यास हटविण्याच्या हेतूने खर्चापेक्षा कमी दराने केलेली विक्री दोषास्पद ठरते. परंतु ती करणाऱ्याचे बाजारात प्रभुत्व असले पाहिजे.

ही कसोटी ऑनलाइन बाजारपेठेत अपुरी पडते. एकाच वस्तूचे अनेक विक्रेते असले, तरी पडद्यावर ठळकपणे सहसा एकच दिसतो आणि त्या निवडीत किमतीला मोठे वजन असते. त्यामुळे प्रत्येक लहान विक्रेता दुसऱ्यापेक्षा थोडा खाली उतरतो. यांपैकी कोणाचेही प्रभुत्व नसते. उलट संकेतस्थळ कमिशन आकारते, निवडीचे नियम ठरविते, पण औपचारिकदृष्ट्या विक्रेता नसते. अशा रीतीने भाव पडतो, परंतु तो पाडणारा कायद्याच्या व्याख्येत सापडत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांच्या संघटनेने फ्लिपकार्टविरुद्ध केलेली तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने फेटाळली. कंपनीचे प्रभुत्व सिद्ध होत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. या निर्णयाविरुद्ध पुढे अपील झाले, तरी कसोटीची मर्यादा त्यातून स्पष्ट होते. परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठांनी विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, अशी अट २०१६ पासून आहे आणि डिसेंबर २०१८ मध्ये ती पुन्हा मांडण्यात आली. तथापि ही अट गुंतवणुकीच्या उगमाशी जोडलेली आहे. विक्रेत्याच्या हिताशी नव्हे.

किमान किंमत निश्चित करणे हा यावरील उपाय मानता येणार नाही. कमी खर्चात माल देणाऱ्या कार्यक्षम विक्रेत्यावर आणि ग्राहकावर तो अन्याय ठरेल. स्वस्ताई स्वतः दोषास्पद नाही.

निष्कर्ष

म्हणून ‘किंमत किती’ यापेक्षा ‘सवलतीचा भार कोणी सोसला’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. सवलतीतील संकेतस्थळाचा वाटा, विक्रेत्याचा वाटा आणि कमिशनमधील सूट यांची माहिती उघड करणे बंधनकारक झाल्यास कार्यक्षमतेतून आलेली स्वस्ताई आणि दुसऱ्याच्या तोट्यावर उभी राहिलेली स्वस्ताई यांत फरक करता येईल. रास्त भावाचे दोन्ही अर्थ एकत्र विचारात घेतल्याशिवाय ऑनलाइन बाजारपेठेतील न्यायाची चर्चा पूर्ण होत नाही.