बरोबरीच्याचे ऋण

नव्या लेखकाचे पुस्तक हाती आले की मी ऋणनिर्देशाचे पान आधी वाचतो. तिथे प्राचार्य असतात, संस्थेचे अध्यक्ष असतात, प्रस्तावना लिहिणारे ज्येष्ठ समीक्षक असतात, 'बहुमोल वेळ खर्च करून' हस्तलिखित चाळणारे संपादक असतात. म्हणजे वर बसलेले सगळे असतात. ज्याच्यामुळे मुळात लिहावेसे वाटले, तो शेजारचा माणूस मात्र बहुधा नसतो. माझ्या पहिल्या पुस्तकातही तो नव्हता. त्याविषयी पुढे सांगतो.

आपल्या पिढीला कृतज्ञता या शब्दाचा तिटकारा आहे आणि तो अकारण नाही. आपल्या आजा-पणजांनी 'उपकार' हा शब्द मान खाली घालूनच ऐकला. शिकलो ते कुणाच्या कृपेने, छापले गेलो ते कुणाच्या औदार्याने, असे आपल्यालाही वेळोवेळी ऐकवले गेले. त्यामुळे ऋण म्हटले की मिंधेपणच आठवते. परंतु ऋणाची दुसरी एक तऱ्हा आहे. एकाच कथेच्या, एकाच नायकाच्या वेडाने झपाटलेले दोन कलावंत असतात आणि एकाचे काम पाहून दुसऱ्याचा हात लिहू लागतो. आपल्या समीक्षेपाशी याला शब्द नाही. बरी असली तर ती 'प्रभाव' म्हणते, रागावली तर 'अनुकरण'.

मी इंग्रजी शिकवतो, म्हणून उदाहरण तिकडचे घेतो. जॉन कीट्स हा कवी आपल्या अभ्यासक्रमात सौंदर्यपूजक म्हणून येतो. त्याचा बाप लंडनमध्ये घोड्यांचा तबेला सांभाळत होता, पोराने औषधे देण्याचा आणि शस्त्रक्रियेचा धंदा शिकून १८१६ मध्ये परवाना मिळवला होता, हे तळटीपेत राहते. त्याच वर्षी डिसेंबरात ली हंट या संपादकाने 'एक्झामिनर' पत्रात तीन नव्या कवींची ओळख करून दिली. शेली, कीट्स, आणि तिसरा जॉन हॅमिल्टन रेनल्ड्स. रेनल्ड्स शाळामास्तरचा मुलगा. विमा कचेरीत कारकुनी केलेला. कीट्सच्या आधी त्याची पुस्तके निघालेली होती. आज त्याला कोणी वाचत नाही.

या दोघांना रॉबिन हूडचे वेड होते. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा हा रानातला बंडखोर. (वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरून 'सर, फकिराच की!' असे हमखास येते. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची ती कादंबरी माझ्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या आधी वाचलेली असते, हे माझे भाग्य.) १८१८ च्या फेब्रुवारीत रेनल्ड्सने रॉबिन हूडवरची आपली सुनिते टपालाने कीट्सला धाडली. कीट्सने ३ तारखेला उत्तर लिहिले. ती सुनिते म्हणजे हेझलनटांची थाळीच आहे असे म्हणून त्याने आभार मानले आणि बदल्यात झाडाचे चार तुरे पाठवावेत तशा आपल्या कविता पाठवल्या. त्यातली एक रॉबिन हूडवर होती.

रेनल्ड्सची सुनिते फार थोर नाहीत. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण मुद्दा तिथेच आहे. जुन्या हिरव्या रानाची गोड आठवण, एवढाच त्यांचा जीव. कीट्सची कविता त्यांना उत्तर म्हणून लिहिलेली आहे, मित्राला उद्देशून आहे, आणि तिचा पहिलाच शब्द नकाराचा आहे. नाही, ते दिवस गेले. रॉबिन आज परत आला तर त्याचे ओक वृक्ष जहाजांसाठी तोडलेले आणि समुद्रात कुजलेले त्याला दिसतील. मॅरियनला रानातला मधसुद्धा रोकड मोजल्याशिवाय मिळणार नाही म्हणून ती रडेल. मित्र स्वप्नात रमला होता. याने त्याच स्वप्नात बाजारभाव आणून बसवला. आणि तरीही शेवटी रॉबिनचा, मॅरियनचा, सगळ्या टोळीचा मान करून तो मित्राला म्हणतो की चल, आपण दोघे मिळून धृपद धरू.

नकार हा आपल्या साहित्याचा प्राणशब्द आहे, परंतु आपण तो नेहमी वरच्याला उद्देशून उच्चारला. बरोबरीच्याला दिलेला नकार हा आभार असू शकतो, हे मला या कवितेने शिकवले. वरच्याचे आभार मानताना 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून तर ती ऋणनिर्देशाची पाने इतकी निर्जीव असतात.

पुढे दोघांनी बोकाचिओच्या कथा पद्यात आणून एक पुस्तक जोडीने काढायचे ठरवले. त्या बेतातून कीट्सची 'इसाबेला' जन्मली. घरच्या नोकरावर बहिणीने प्रेम केले म्हणून भाऊ त्याला रानात नेऊन मारतात, अशी ती कथा. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती चौदाव्या शतकातल्या इटलीची वाटत नाही. कीट्सने तिच्यात मुळात नसलेली एक गोष्ट घातली. या भावांची संपत्ती कुठून आली ती सांगितली: खाणीत आणि कारखान्यात राबणारे, सिलोनच्या समुद्रात श्वास रोखून बुडी मारणारे. बर्नार्ड शॉ यांना त्या ओळींत मार्क्स दिसला, तो उगाच नव्हे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकाने कीट्सची जात काढली. दुसरा शब्द मला सुचत नाही. हल्ली घरगडीसुद्धा काव्य करू लागले आहेत, अशी तक्रार करीत लेखकाने त्याला औषधांच्या दुकानात परत जायला सांगितले. आपापल्या धंद्याला लागा, हे वाक्य आपण कुठे ऐकले ते सांगायला नको. पाठोपाठ 'क्वार्टर्ली'नेही झोडपले. तेव्हा रेनल्ड्सने एक्झेटरच्या एका पत्रात मित्राची बाजू मांडली आणि कीट्सला लिहिले की 'इसाबेला' एकट्याच्याच नावाने काढ, तुझ्या कीर्तीत माझा वाटा आहेच. ती १८२० मध्ये निघाली. १८२१ च्या फेब्रुवारीत कीट्स रोममध्ये वारला. त्याच वर्षी रेनल्ड्सने आपल्या वाट्याच्या कथा छापल्या आणि या कथा ज्याच्याबरोबर यायच्या होत्या त्या मित्राची आठवण प्रस्तावनेत लिहिली. तो स्वतः वकिलीत गेला, शेवटी कोर्टातली कारकुनी करीत १८५२ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर कीट्सचा मित्र अशी ओळख आहे. हा शेवट मला टोचतो. एकाचे नाव राहावे आणि दुसऱ्याचे फक्त नाते राहावे, याला न्याय म्हणवत नाही.

आता माझे. वसतिगृहातला माझा खोलीसोबती कोळशाने भिंतीवर फकिरा काढायचा. रेक्टर दर सुट्टीत चुना मारून घेत, हा पुन्हा काढी. घोड्यावर फकिरा, आणि मागे लांबवर, बोटाएवढ्या, रिकाम्या पाट्या घेतलेल्या बाया. मी एकदा त्याला म्हटले, 'अरे, दुष्काळात घोडा एवढा माजलेला कसा?' तो हसला, हाताने घोड्याचे पोट पुसले आणि बरगड्या काढल्या. त्या रात्री मी बोटाएवढ्या बायांपैकी एकीवर लिहायला बसलो. लुटलेले धान्य घरी आणून तिने ते कसे लपवले, कुणाकुणाला वाटले. ती माझी पहिली कथा. त्याच्या चित्रात फकिरा मोठा होता. माझ्या कथेत तो दिसतही नाही. पण ती बाई त्याने काढली नसती तर मला दिसली नसती.

पुस्तक निघाले तेव्हा मी आठ मान्यवरांचे आभार मानले. त्याला प्रत दिली, तर त्याने तेच पान आधी उघडले, मिटले आणि मुखपृष्ठाचा रंग चांगला आहे म्हणाला. तो पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर ते काम गेले, आता गाड्यांचे नंबर टाकतो.

हा लेख लिहिण्याआधी मी त्याच्या दुकानात गेलो. तुझे नाव छापतो म्हणालो. एका रिक्षाची पाटी गुडघ्यावर धरून तो आकडा पुरा करीत होता. म्हणाला, 'नाव नको, गिऱ्हाईक हसतील. घोड्याचं मात्र लिही. ते तू बरोबर सांगितलं होतंस.'