अनामिकतेचे सौंदर्य कुणाच्या सोयीचे?

माझे वडील रोजगार हमीच्या हजेरीपटावर अंगठा उठवीत. आमच्या घराण्यातली पहिली सही माझी. त्यामुळे सोएत्सु यानागी यांचा 'अनाम कारागिरा'चा विचार मी तटस्थपणे वाचू शकलो नाही, हे आरंभीच सांगतो.

यानागी (१८८९–१९६१) हे जपानी विचारवंत. सामान्यांच्या रोजच्या वापरासाठी निनावी हातांनी घडवलेल्या वस्तूच खऱ्या सुंदर, कारण त्यांत 'मी'पणा नसतो, हे त्यांचे सूत्र. त्यांचे मित्र बर्नार्ड लीच यांनी त्यांचे लेख इंग्रजीत आणले. १९७२ साली ग्रंथ निघाला. याच लीचनी शोजी हमादांच्या साथीने १९२० साली इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली होती. कलावंताने स्वतःच्या कार्यशाळेत घडवायची आणि संग्राहकांनी जपायची, अशा मातीच्या भांड्यांची जी 'स्टुडिओ पॉटरी' आज प्रतिष्ठित आहे, तिचे हे एक प्रमुख उगमस्थान.

यानागींनी गरिबाच्या भांड्याला प्रतिष्ठा दिली, हे मी नाकारत नाही. कोरिया जपानच्या ताब्यात असताना तिथल्या दडपशाहीविरुद्धही त्यांनी लिहिले. परंतु त्यांच्या विचारातील गफलत त्यांच्याच लाडक्या उदाहरणातून उघडी पडते. क्योतोच्या एका मंदिरात 'किझाएमोन' नावाची चहाची वाटी आहे. कोरियातल्या गरिबाच्या जेवणातली ही साधी वाटी, असे यानागी सांगतात. आज ती जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. किझाएमोन हे नाव तिच्या ओसाकातील एका व्यापारी मालकाचे. म्हणजे वाटी निनावी नाहीच. फक्त तिचा कर्ता निनावी आहे!

हमादा जपानात परतल्यावर भांड्यांवर सही करीत नसत. भांड्याच्या लाकडी पेटीवर मात्र करीत. नाव न घालणे हा त्यांचा निर्णय होता, कारण नाव त्यांच्यापाशी होते. लीच यांच्या स्वतःच्या भांड्यांवर त्यांच्या आद्याक्षरांचा शिक्का असे. कार्यशाळेतील कामगारांनी केलेल्या नित्याच्या भांड्यांवर केवळ कार्यशाळेचा. ज्याला नाव आहे त्याने ते सोडणे हा त्याग. ज्याला ते कधी लाभलेच नाही, त्याच्या निनावीपणाला त्याग कसे म्हणावे?

या विचाराला खरे उत्तर अमेरिकेतील एका गुलामाने फार आधी देऊन ठेवले आहे. साउथ कॅरोलिनातील एजफील्ड भागात डेव्ह हा गुलाम कुंभारकाम करी. मांस, धान्य साठवण्याचे प्रचंड रांजण तो घडवी. काही तर चाळीस गॅलनांच्या आसपासचे. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा त्या राज्याने १८३४ साली केला. डेव्हने मात्र ओल्या मातीवर आपले नाव, तारीख आणि दोन-दोन ओळींच्या कविता कोरल्या. १८५७ च्या एका रांजणावर तो आपल्या ताटातूट झालेल्या नात्यागोत्याबद्दल विचारतो. यात 'मी'पणा आहे, आणि तोच या मातीचा प्राण आहे. मुक्तीनंतर तो डेव्हिड ड्रेक झाला.

२०२१ साली त्याचा एक रांजण पंधरा लाख साठ हजार डॉलरांना विकला गेला. राबताना त्याच्या श्रमाची मालकी दुसऱ्याची, आणि विक्रीचा पैसाही दुसऱ्याचाच. २०२५ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने आपल्याकडील दोन रांजणांची मालकी त्याच्या वंशजांना दिली व त्यांतला एक त्यांच्याकडूनच पुन्हा विकत घेतला. उशिरा का होईना, हिशेब सुरू झाला. पण त्याच भट्ट्यांवर राबलेल्या कित्येक गुलामांची नावे कायमची गेली. त्यांचा निनावीपणा सुंदर आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

'वापर' हा शब्दही यानागींना वाटतो तितका निरागस नाही. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त केली आहे. तेही मातीचे, साधे, वापरातलेच भांडे होते. ते कुणाच्या गळ्यात होते आणि कुणाच्या हुकमाने, हे वगळून त्याच्या घाटाची चर्चा करता येणार नाही.

आमच्या महाविद्यालयांतून लोककला शिकवली जाते ती याच अनामिकतेच्या कौतुकाने. माझ्या शिक्षकमित्रांना विनंती आहे, की वस्तूचे सौंदर्य जरूर शिकवा. परंतु ती कुणी घडवली, तिला नाव कुणी दिले आणि पैसा कुणाला मिळाला, हे तीन प्रश्नही त्याच तासाला विचारा. अंगठ्याचा ठसा मातीवर सुंदर दिसतो खरा. पण माझ्या वडिलांना सही हवी होती.