रामा शेट्टी आणि हैदर अली

'अर्धसत्य'मधील (१९८३) रामा शेट्टीसाठी सदाशिव अमरापूरकरांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आम्हा नगरकरांना त्याचा अभिमान आहेच; मोजक्या प्रसंगांत, आवाज न चढवता त्यांनी दहशत उभी केली. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि शफी इनामदारांचा हैदर अली? दापोलीकडच्या या कलावंताच्या वाट्याला काही आले नाही. परीक्षकांना नायक दिसतो, खलनायक दिसतो. मधला माणूस दिसत नाही. तेंडुलकरांच्या पटकथेतला हा मुस्लिम पोलीस अधिकारी ना शेरोशायरी करतो, ना देशभक्तीची ग्वाही देतो. मित्राची नोकरी वाचावी म्हणून तो तडजोडीची वाट दाखवतो, तीही अगदी व्यवहारी सुरात. वेलणकरचा संताप खरा वाटतो तो समोरच्या या थंडपणामुळेच. असा साधा, नोकरी सांभाळणारा मुसलमान हिंदी पडद्यावर फार थोड्यांनी रंगवला आहे.