शांततेचे श्रम आणि त्यांचे चित्रण : लायबेरियातील स्त्री-चळवळीवरील एक माहितीपट आणि एक आत्मकथन

प्रास्ताविक

स्त्री-सक्षमीकरण, मानवी हक्क आणि शांतता या तीन संज्ञा गेल्या काही दशकांत बहुधा एकत्रच उच्चारल्या जातात. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ संमत केला आणि शांतता-प्रक्रियेतील स्त्रियांच्या सहभागाला अधिकृत मान्यता दिली. तेव्हापासून या विषयावर अहवाल आणि चर्चासत्रे यांची वाण राहिलेली नाही. मात्र 'सहभाग' या शब्दाने नेमके काय सूचित होते, याचा खुलासा अहवालांतून क्वचितच होतो. बैठकीला किती स्त्रिया उपस्थित होत्या, हे अहवाल सांगतो. त्या तेथवर कशा पोहोचल्या आणि परत गेल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले, हे सांगण्याचे काम कलाकृती आणि आत्मकथने करतात.

प्रस्तुत लेखात लायबेरिया या पश्चिम आफ्रिकी देशात २००३ साली झालेल्या स्त्रियांच्या शांतता-आंदोलनावरील दोन कृतींचा विचार केला आहे. पहिली कृती म्हणजे गिनी रेटिकर दिग्दर्शित व अ‍ॅबिगेल डिस्नी निर्मित 'प्रे द डेव्हिल बॅक टु हेल' हा २००८ चा माहितीपट. दुसरी, त्या आंदोलनाच्या नेत्या लेमा ग्बोवी यांनी कॅरोल मिदर्स यांच्या साहाय्याने लिहिलेले 'माइटी बी अवर पॉवर्स' हे २०११ चे आत्मकथन. दोन्ही कृतींचा विषय एक आहे आणि मध्यवर्ती व्यक्तीही एकच आहे. तरीही माहितीपट आंदोलनाचा विजय दाखवतो, तर आत्मकथन त्या विजयामागचे श्रम आणि त्यांची किंमत सांगते. या दोन्हींचे वाचन एकत्र केले नाही, तर नागरी समाजाच्या कार्याविषयी आपली समजूत अपुरी राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

लायबेरियात १९८९ च्या अखेरीस यादवी युद्ध सुरू झाले. १९९७ साली चार्ल्स टेलर निवडणुकीद्वारे राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु १९९९ मध्ये युद्ध पुन्हा भडकले आणि 'लर्ड' या बंडखोर संघटनेने राजधानी मन्रोव्हियाच्या दिशेने आगेकूच केली. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे सामान्यतः मानले जाते. बालसैनिकांचा वापर आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार ही या युद्धाची ठळक वैशिष्ट्ये होती.

मन्रोव्हियातील सेंट पीटर्स ल्युथरन चर्चमध्ये जुलै १९९० च्या अखेरीस सरकारी सैनिकांनी आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे लोकांची कत्तल केली होती. पुढे याच चर्चच्या आघातनिवारण प्रकल्पात ग्बोवी यांनी सामाजिक कार्याचे धडे घेतले आणि याच परिसरात शांततेसाठी स्त्रियांच्या प्रार्थनासभा भरू लागल्या. ख्रिस्ती स्त्रियांच्या या उपक्रमात असाटू बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी महिलेने मुस्लिम स्त्रियांना जोडून घेतले. एप्रिल २००३ पासून पांढरे टी-शर्ट व डोक्याला पांढरे वस्त्र अशा वेशात शेकडो स्त्रिया मासळी बाजाराजवळच्या मोकळ्या मैदानात ऊन-पावसाची तमा न बाळगता बसू लागल्या. टेलर यांचा वाहनांचा ताफा ज्या रस्त्याने जाई, त्या रस्त्यालगतची जागा त्यांनी जाणीवपूर्वक निवडली होती.

माहितीपट : नसलेल्या दृश्यांची जुळणी

या माहितीपटाच्या निर्मात्यांपुढील पहिली अडचण कलात्मक नव्हती. ती दृश्यसामग्रीच्या अभावाची होती. युद्धाचे वार्तांकन करणाऱ्यांनी बंदूकधारी मुलांची दृश्ये मुबलक टिपली होती. मैदानात बसलेल्या स्त्रियांकडे कॅमेरे फारसे वळलेच नव्हते. निर्मात्यांनी ठिकठिकाणी शोध घेऊन तुटपुंजी दृश्ये गोळा केली आणि आंदोलनात प्रत्यक्ष सहभागी झालेल्या मोजक्या स्त्रियांच्या मुलाखतींशी ती सांधली. या दृष्टीने हा माहितीपट म्हणजे स्वतःच एक पुरावा-संकलन आहे. जे टिपले गेले नाही ते घडलेच नाही, असे मानणाऱ्या काळात त्याचे हे मोल मोठे आहे.

माहितीपटातील दोन प्रसंग विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला प्रसंग २३ एप्रिल २००३ चा आहे. टेलर यांनी अखेर स्त्रियांना भेटीची परवानगी दिली. निवेदन वाचताना ग्बोवी यांनी राष्ट्राध्यक्षांना थेट उद्देशून बोलण्याचे टाळले. तेथे उपस्थित असलेल्या सिनेटच्या अध्यक्षस्थानावरील ग्रेस मायनर या महिलेला त्यांनी संबोधित केले आणि आपले म्हणणे राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचवण्याची विनंती केली. सत्ताधाऱ्याच्या समोर उभे राहून त्याच्याशी न बोलता शेजारच्या स्त्रीशी बोलणे, ही कृती एखाद्या भाषणापेक्षा अधिक बोलकी आहे. दिग्दर्शिकेने या दृश्यावर भाष्याचे ओझे लादलेले नाही, हे तिच्या संयमाचे लक्षण होय.

दुसरा प्रसंग घानाची राजधानी अक्रा येथील आहे. ४ जून २००३ रोजी तेथे शांतता-बोलणी सुरू झाली. परंतु ती आठवड्यामागून आठवडे रेंगाळत राहिली. वाटाघाटींसाठी आलेले बंडखोर नेते हॉटेलात सुखाने राहत होते आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. २१ जुलै रोजी स्त्रियांनी हात हातांत गुंफून सभागृहाचे दार अडवले. सुरक्षारक्षक अटक करण्यासाठी पुढे येताच ग्बोवी यांनी अंगावरील वस्त्रे उतरवण्यास प्रारंभ केला. प्रौढ स्त्रीने, विशेषतः मातेने, हेतुपुरस्सर विवस्त्र होणे हा पश्चिम आफ्रिकेत पाहणाऱ्यावर पडणारा घोर शाप समजला जातो. अखेर मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी हस्तक्षेप केला आणि स्त्रियांच्या मागण्या ऐकून घेतल्या. पुढे ११ ऑगस्ट रोजी टेलर यांनी सत्ता सोडली आणि १८ ऑगस्ट रोजी शांतता-करारावर सह्या झाल्या.

येथेच माहितीपटाची मर्यादाही दृग्गोचर होते. दार अडवणे आणि करार होणे यांच्यामध्ये तो जवळजवळ सरळ रेषा आखतो. वास्तविक, बोलणी सुरू झाली त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाचे टेलर यांच्यावरील आरोपपत्र उघड झाले होते. बंडखोरांचा लष्करी रेटा, अमेरिकेचे दडपण, नायजेरियाने देऊ केलेला आश्रय आणि ऑगस्टच्या आरंभी दाखल झालेले पश्चिम आफ्रिकी शांतिसैन्य, या सर्वांचा त्या निर्णयात वाटा होता. हे मान्य केल्याने स्त्रियांच्या कार्याचे मोल उणावत नाही. युद्ध त्यांनी एकट्यांनी थांबवले नसेल. पण बंद दाराआडची बोलणी रस्त्यावरच्या माणसांना उत्तरदायी आहेत, हे त्यांनी प्रस्थापित केले. माहितीपटाने या अधिक अचूक दाव्यापेक्षा अधिक आकर्षक दावा पसंत केला, असे म्हणावे लागते.

आत्मकथन : नायिकेच्या प्रतिमेस छेद

माहितीपटातील ग्बोवी निश्चयी, वाक्पटू आणि अविचल दिसतात. आत्मकथनातील ग्बोवी वेगळ्या आहेत. युद्ध मन्रोव्हियात पोहोचले तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, पुढील शिक्षणाची स्वप्ने पाहणारी मुलगी. मग मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या घरात अडकलेली माता. निर्वासित म्हणून घानात उपाशी दिवस काढणारी स्त्री. आणि आंदोलनाच्या धामधुमीतही मद्याच्या आहारी गेलेली कार्यकर्ती. शांततेसाठी स्त्रियांना एकत्र जमवण्याचा आदेश स्वप्नात मिळाला, तेव्हा आपल्यासारख्या सदोष व्यक्तीसाठी तो असूच शकत नाही, असे त्यांना वाटले होते. ही कबुली या पुस्तकाचा गाभा आहे. नेतृत्वासाठी निष्कलंक चारित्र्य आधी लागते, या समजुतीला ती छेद देते.

आत्मकथनाचे दुसरे सामर्थ्य हिशेबाच्या प्रामाणिकपणात आहे. हा हिशेब पैशाचा आहे, वेळेचा आहे आणि नात्यांचाही आहे. आई देशाच्या मुलांसाठी मैदानात बसलेली असताना तिची स्वतःची मुले परदेशात बहिणीच्या आधाराने वाढत होती. संघटनेतील मतभेद, श्रेयावरून आलेली कटुता आणि दीर्घ थकवा यांचीही नोंद लेखिका टाळत नाही. गौरवग्रंथांत हा भाग सहसा गाळला जातो. सामाजिक कार्यात पडलेल्या व्यक्तीच्या घरचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मात्र त्यानेच समोर येतो.

या संदर्भात शय्यासोबत नाकारण्याच्या आंदोलनाचा उल्लेख अपरिहार्य आहे. युद्ध थांबेपर्यंत पतीशी संबंध न ठेवण्याचे आवाहन स्त्रियांनी केले होते. जागतिक प्रसारमाध्यमांनी ही बाब उचलून धरली. ख्रिस्तपूर्व ४११ मधील ॲरिस्टोफेनिसच्या 'लिसिस्ट्राटा' या सुखात्मिकेशी तिची तुलना झाली. प्रत्यक्षात या उपायाचा व्यावहारिक परिणाम नगण्य होता. लोकांचे लक्ष वेधण्यापुरता त्याचा उपयोग झाला, असे ग्बोवी स्वतःच नमूद करतात. तथापि पुस्तकाच्या इंग्रजी उपशीर्षकात भगिनीभाव आणि प्रार्थना यांच्या जोडीला 'सेक्स' हा शब्द ठळकपणे आलाच आहे. लेखिकेचा मजकूर एक सांगतो आणि मुखपृष्ठ दुसरेच विकते, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. उन्हात बसून राहण्याच्या कष्टांपेक्षा शयनगृहातील असहकाराची कथा अधिक खपते, असा याचा अर्थ होतो.

'आई' या भूमिकेचा प्रश्न

दोन्ही कृतींत आंदोलनाचा नैतिक आधार मातृत्व हा आहे. हाती शस्त्र घेतलेली मुलेही आमचीच आणि मेलेली मुलेही आमचीच, ही भूमिका धर्म व टोळी यांच्या भिंती ओलांडण्यास समर्थ ठरली. अक्रा येथील शापाचे बळही मातृत्वाच्या प्रतिष्ठेतूनच आले. मात्र स्त्री ही स्वभावतःच शांतताप्रिय असते, असा निष्कर्ष यातून काढणे धोक्याचे आहे. लायबेरियाच्या युद्धात स्त्रिया आणि मुली सैनिक म्हणूनही लढल्या. काहींनी तुकड्यांचे नेतृत्व केले. माहितीपटात त्यांना जवळजवळ स्थान नाही. शांतता हा स्त्रीचा सहजधर्म मानला की तिचे संघटनकौशल्य आपोआप अदृश्य होते. घरोघरी, बाजारात, चर्चमध्ये आणि मशिदीत जाऊन केलेली जुळवाजुळव हे शिकून केलेले काम होते. ती मातृहृदयाची केवळ उत्स्फूर्त प्रतिक्रिया नव्हती. आत्मकथनातील प्रशिक्षण-शिबिरांचे तपशील ही बाब स्पष्ट करतात, म्हणूनच ते महत्त्वाचे आहेत.

करारानंतर

माहितीपटाचा शेवट एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या निवडीने होतो. जानेवारी २००६ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०११ साली सरलीफ, ग्बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कथेचा हा सुखान्त वाटला, तरी इतिहास तेथे थांबला नाही. लायबेरियाच्या सत्य व सलोखा आयोगाने २००९ मध्येच, टेलर यांना आरंभीच्या काळात केलेल्या साहाय्याबद्दल, सरलीफ यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवण्याची शिफारस केली होती. २०१२ मध्ये ग्बोवी यांनी सरलीफ यांच्या कारभारावर टीका करत राष्ट्रीय सलोख्याच्या उपक्रमाचे नेतृत्व सोडले. त्याच वर्षी टेलर यांना पन्नास वर्षांची शिक्षा झाली. परंतु ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी होती. लायबेरियातील अत्याचारांसाठी विशेष न्यायालय स्थापण्याच्या दिशेने राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने कार्यालय निर्माण झाले ते २०२४ मध्ये, म्हणजे करारानंतर दोन दशकांनी. २०२० साली बलात्काराच्या वाढत्या घटनांमुळे तेथे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या प्रदीर्घ उत्तरकांडाशी भारताचाही संबंध आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी २००७ ते २०१६ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेअंतर्गत लायबेरियात तैनात होती आणि संपूर्ण महिलांची अशी ती पहिलीच तुकडी होती. शस्त्रधारी स्त्रीही शांततेच्या कामात असू शकते, हे या तुकडीने दाखवून दिले. वर उल्लेखिलेल्या मातृत्वाच्या चौकटीत हे चित्र सहजी बसत नाही, म्हणूनच ते विचारार्ह आहे.

समारोप

सारांश, 'प्रे द डेव्हिल बॅक टु हेल' हा माहितीपट विस्मरणात जाऊ पाहणाऱ्या एका आंदोलनाला चेहरा देतो. त्याबद्दल तो आदरास पात्र आहे. परंतु शांतता ही एक घटना आहे, तिची तारीख सांगता येते, असा समज तो प्रेक्षकाच्या मनात ठेवून जातो. 'माइटी बी अवर पॉवर्स' हे आत्मकथन रचनेच्या दृष्टीने अधिक विस्कळीत असूनही अधिक सत्यनिष्ठ आहे. कारण शांतता हे रोजचे, कंटाळवाणे आणि अनेकदा विनामोबदला केलेले काम आहे, हे ते लपवत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनात या प्रकारच्या कृती आपण बहुधा प्रेरणादायी साहित्य म्हणून वापरतो. महिला दिनाच्या कार्यक्रमात माहितीपट दाखवला जातो, टाळ्या पडतात आणि सभागृह रिकामे होते. त्यानंतरच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर आत्मकथनातील थकव्याची पाने ठेवता आली, तर 'सक्षमीकरण' हा शब्द घोषणेतून बाहेर पडेल. त्या मैदानात बसलेल्या बहुसंख्य स्त्रियांची नावे दोन्ही कृतींत नाहीत. ती नावे पुरवणे समीक्षेच्या आवाक्यात नाही. ती का नाहीत, हा प्रश्न जागा ठेवणे मात्र तिचे कर्तव्य आहे.