तोतयाची चौकशी आणि मरणोत्तर 'मी'

पनवेल येथील एका अभ्यासू गृहस्थांनीं आमच्याकडे अभिप्रायार्थ एक टिपण पाठविलें आहे. माणसाचा 'मी' मरणानंतर कायम राहतो, हें त्यांचें प्रतिपाद्य असून, प्लँचेटच्या बैठकींत मृताच्या आयुष्यांतील खाजगी गोष्टी बिनचूक सांगितल्या जातात, हा त्यांचा मुख्य आधार आहे. आत्म्याच्या नित्यत्वाचा निर्णय दर्शनशास्त्रांनीं करावा. परंतु 'अमुक मनुष्य तोच' हें कशावरून ठरवावें, हा प्रश्न इतिहासाच्या नित्य परिचयाचा आहे. तेवढ्यापुरतेंच हें परीक्षण.

या प्रश्नास लागू पडणारें प्रकरण पनवेलकरांच्या जवळच घडलें आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. पुढें बुंदेलखंडाकडील सुखलाल नांवाचा कनोजी ब्राह्मण 'भाऊ तो मीच' असें म्हणूं लागला. थोरल्या माधवरावांनीं चौकशीअंतीं त्यास कैदेंत टाकिलें. १७७६ सालीं तो रत्नागिरीहून सुटला व कोंकणांतील किल्ले घेत बोरघाटापर्यंत पोंचला. पनवेलहून पुण्यास जाण्याची वाट तीच. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. पळतां पळतां तो राघोजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला, आणि पुण्यास पुन्हां चौकशी होऊन त्याच वर्षीं त्यास देहान्त शासन झालें.

आतां पुराव्याचे प्रकार पाहावे. रणांगणावरील शिरविरहित धड अंगावरील खुणांवरून भाऊंचें म्हणून ओळखिलें गेलें, असें काशीराज पंडित लिहितो. हा देहाचा पुरावा. तोतयाजवळ मुद्रेचें साम्य व तोंडची हकीकत एवढेंच होतें, तरी हजारों लोक भुलले. त्याचें पितळ उघडें पडलें तें तो सदेह समोर होता म्हणून. भाऊंस पाहिलेलीं माणसें त्याच्यापुढें उभीं करितां आलीं. बैठकींतील मृतास देहच नाहीं. उरते ती स्मृति; आणि स्मृतींतील गोष्ट ऐकून, वाचून दुसऱ्यासहि सांगतां येते. शिवाय मेज फिरविणाऱ्यांचे हात त्यांच्या नकळत मेजास ढकलतात, हें फॅरडे यांनीं १८५३ सालींच प्रयोगानें दाखविलें आहे. बैठकींतील कोणासहि ठाऊक नसलेली गोष्ट आधीं लिहून, मोहोरबंद करून, मग ताडून पाहिली, अशी एकहि नोंद या टिपणांत नाहीं.

टिपणाच्या शेवटीं लेखकांनीं आपल्या दिवंगत वडील बंधूंकडून मिळालेलीं उत्तरें दिलीं आहेत. तीं वाचून आमचेंहि मन द्रवलें. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं १७८३ सालीं देह ठेवीपर्यंत वैधव्य पत्करिलें नाहीं. अशा निष्ठेपुढें आम्ही मस्तक नमवितों. पण ज्या पुराव्यावर पेशव्यांच्या घरचा मनुष्य मान्य करितां आला नाहीं, त्याहून दुबळ्या पुराव्यावर परलोकींचा मनुष्य मान्य करणें आम्हांस शक्य नाहीं.

आणखी एक भेद टिपणकारांच्या नजरेंतून निसटला आहे. सर्व उत्तरें जुळलीं असें धरलें, तरी मृताविषयींची माहिती शिल्लक आहे, एवढेंच सिद्ध होईल. ती माहिती आपली म्हणून जाणणारा कोणी शिल्लक आहे, हें सिद्ध होत नाहीं. त्या जाणिवेचा साक्षी ज्याचा तोच. यावरून आत्मा नाहीं, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. त्यास कागदपत्रांची साक्ष नाहीं, इतकेंच म्हणतों. 'मी' हा शब्द ऐकूं आला, यावर लेखकांनीं फार भिस्त ठेविली आहे. तो शब्द तोतयाच्या मुखींहि होता.