वामनदादांची चाल

पिंपरी पेंढारहून आळेफाट्यास जावे आणि नाशिकची वाट धरावी, म्हणजे संगमनेर मागे टाकल्यावर सिन्नर लागते. त्याच तालुक्यातील देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामन तबाजी कर्डक जन्मले. शाळा त्यांच्या वाट्यास आली नाही. तरुणपणी मुंबईत कोणी एकजण त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यावयास आला. वाचता येईना म्हणून त्यांना रडू कोसळले. पुढे देहलवी नावाच्या गुरुजींनी अक्षरे शिकविली. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून त्यांनी ती पक्की केली. मी मास्तर; वर्गात ही हकीकत सांगताना माझा आवाज धड राहत नाही.

१९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले. उसन्या चालीचा हा कवी, असे म्हणून त्यांस बाजूला सारणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

गेल्या १४ एप्रिलला गावात गाणी चालली होती. मी त्यांचे पुस्तक उघडून बसलो होतो. पुढे गाणाऱ्या आजींनी मधली दोन कडवी उलटसुलट म्हटली. मास्तरकीची खोड! मी चूक दाखविली. आजी अंगठा उठविणाऱ्या. म्हणाल्या, "गुरुजी, पुस्तक आता आलं. आमी कवाधरनं म्हणतोय." आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव आले तेव्हा घरच्या माणसाला हाक मारावी तसे ते त्यांनी घेतले.

चाल म्हणजे अक्षरशून्यांचा कागद, हे मला तेथे उमगले. ओळखीच्या चालीवर बाबासाहेबांचा विचार एका रात्रीत पाठ होतो. छापखान्याची वाट पाहावी लागत नाही. पुस्तकात मात्र काही गीते लंगडतात, यमकासाठी शब्द ओढले जातात, गौरव तोच तोच वाटतो. हे झाकण्यात अर्थ नाही.

पण टाटा, बिर्ला, बाटा यांना हाका मारून धनातला आमचा वाटा विचारणारे गीत घ्या. ते कागदावरही ताठ उभे राहते. ही नावे पाट्यांवरचीच की! ज्याने पाट्यांवर अक्षर गिरविले, त्याने पाटीवाल्यांनाच हिशेब विचारला.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. माझ्या प्रतीत त्या दोन कडव्यांशेजारी मी पेन्सिलीने आजींचा क्रम लिहून ठेवला आहे.