लेखनिक, लिपी आणि परीक्षा : दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या विद्यापीठीय साहाय्याची चिकित्सा

प्रस्तावना

१ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे कार्यक्षेत्र असलेले विद्यापीठ आहे. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषाही घरोघरी बोलल्या जातात. अशा परिसरातून पदवी शिक्षणाकडे येणाऱ्या दृष्टिबाधित, श्रवणबाधित व हस्तबाधित विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

१९९५ च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणातील हे प्रमाण किमान ५ टक्के केले आणि दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. तथापि राखीव जागा प्रवेशापुरत्या असतात. त्यानंतरच्या तीन वर्षांत विद्यार्थी काय वाचतो आणि कसा लिहितो, हा खरा प्रश्न आहे.

लेखनिकाचा नियम

केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ देऊ केला. मात्र उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा, अशी अट घातली. पुढे या तत्त्वांत फेरबदल झाले, तरी लेखनिक कमी शिकलेला असावा ही मूळ धारणा कायम राहिली. गैरप्रकार रोखणे हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु संख्याशास्त्राची सूत्रे किंवा संस्कृतातील संधिविग्रह कनिष्ठ इयत्तेच्या मुलाला सांगून लिहवून घ्यावयाचा, तर उत्तरपत्रिकेत ज्ञान एकाचे आणि शुद्धलेखन दुसऱ्याचे उतरते. परीक्षक गुण देतो ते दोहोंच्या बेरजेला. गैरप्रकारावर खरा उपाय लेखनिकाचे अज्ञान हा नसून स्वतंत्र कक्ष, दक्ष पर्यवेक्षक आणि आवश्यक तेथे ध्वनिमुद्रण हा आहे.

लिपीचा अडसर

संगणकावर स्वतः उत्तरे लिहिण्याची मुभाही २०१८ च्या तत्त्वांत होती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या एनव्हीडीएसारख्या मोफत प्रणाली उपलब्ध आहेत. मात्र त्या केवळ युनिकोडमधील मराठी वाचतात. जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका डोळ्यांना शुद्ध दिसली, तरी यंत्राला ती निरर्थक अक्षरांची रांग असते. पुस्तकाची पाने छायाचित्रासारखी स्कॅन करून दिली, तर यंत्र मुकेच राहते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायदा दिव्यांगांसाठी सुलभ प्रती तयार करण्यास परवानगी देतो. त्यामुळे कायद्याची सबबही उरलेली नाही.

श्रवणबाधित विद्यार्थ्याची अडचण याहून वेगळी आहे. वर्षभर व्याख्यान ज्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, त्याला परीक्षेत वाढीव तास देऊन काय साधणार? त्याला टिपणे व्याख्यानापूर्वी लिखित स्वरूपात हवी असतात.

निष्कर्ष

विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले, की दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येत नाही. साहाय्य व्यक्तीच्या गरजेनुसार ठरले पाहिजे. या तत्त्वाचा अर्थ महाविद्यालयाच्या पातळीवर साधा आहे. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला त्याची गरज विचारावी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. टिपणे व प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये तयार कराव्यात. लेखनिक आणि विद्यार्थी यांना सरावाची संधी सत्र परीक्षेपूर्वी, अंतर्गत चाचण्यांतच द्यावी. यांपैकी पहिल्या दोन बाबींसाठी अनुदानाची प्रतीक्षा करावी लागत नाही. त्या प्राध्यापकांच्याच हाती आहेत. अधिनियमाने ज्याला हक्क म्हटले, त्याला आपण सवलत म्हणत राहिलो, तर उतरता रस्ता इमारतीला लाभेल, अध्यापनाला लाभणार नाही.